चिंचोळी जमीन

नेआ रोडा हे उत्तर ग्रीसमधल्या खाल्किदिकी द्वीपकल्पातलं एक लहानसं गाव. गावामागून निघालेला रस्ता पलीकडच्या किनाऱ्यावर, त्रिपितीच्या धक्क्यापाशी उतरतो. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. एका समुद्राकडे पाठ करून चालू लागायचं, आणि शेतं, ऑलिव्हची झाडं, वाळलेलं गवत बघत रमतगमत गेलं तरी तासाभराच्या आत दुसरा समुद्र समोर येतो. मधे एके ठिकाणी जमीन किंचित खचल्यासारखी वाटते. पावसाचं पाणी तिथे रेंगाळत असावं; कारण मी गेले तेव्हा उन्हाळ्याने सगळं पिवळं पडलं होतं आणि तेवढ्या पट्ट्यात बोरू हिरवागार उभा होता. वारा आला की त्याची लांब पाती एकमेकांवर घासत. तिथे पाहण्यासारखं म्हणून एवढंच. पण या खळग्याखाली, गाळाने तोंडापर्यंत भरलेला, इराणचा सम्राट झर्क्सिस याचा कालवा आहे. इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध आरमारांपैकी एक इथून, मी उभी होते त्या जागेवरून, पाण्यातून गेलं.

खाल्किदिकीचा नकाशा एकदा पाहिला की विसरत नाही. ईजियन समुद्राच्या वायव्य कोपऱ्यात, थेसालोनिकी शहराच्या आग्नेयेला, जमीन समुद्रात उतरते आणि मग तीन लांब फाटे पुढे काढते. इथले लोक त्यांना ‘पाय’ म्हणतात: पहिला पाय, दुसरा पाय, तिसरा पाय. पहिला कासांड्रा, जुनं नाव पल्लेनी. बुटक्या टेकड्यांचा, मऊ मातीचा, गव्हाला आणि द्राक्षांना मानवणारा. दुसरा सिथोनिया, ग्रॅनाइटचा आणि पाइनच्या रानाचा. त्याच्या किनाऱ्याला इतके खाचखळगे आहेत की प्रत्येक वळणाआड एक वेगळी पुळण लपलेली असते. तिसरा आथोस. तो डोंगराच्या कण्यासारखा चढत चढत जातो आणि अगदी टोकाशी, समुद्राच्या काठावरच, २०३३ मीटर उंचीचं संगमरवरी शिखर होऊन थांबतो. सूर्य मावळताना या शिखराची सावली समुद्रावरून पार लेमनॉस बेटापर्यंत पोचते, हे प्राचीन ग्रीकांना माहीत होतं.

मला मात्र नकाशात या तीन पायांपेक्षा ते मुख्य भूमीला जिथे जोडले गेले आहेत त्या जागाच दिसत राहतात. कासांड्राचा जोड इतका अरुंद आहे की आज तिथे आरपार कालवा आहे आणि त्यावरचा पूल ओलांडायला गाडीला क्षणभर पुरतो. आथोसचा जोड म्हणजे हाच नेआ रोडाचा सखल पट्टा. एवढा मोठा भूभाग, त्यावरचे डोंगर, झरे, गावं, आणि हे सगळं जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीने धरून ठेवलेलं. त्या पट्टीवर जो उभा राहील त्याच्या हातात पलीकडचं सगळं. खाल्किदिकीचा प्राचीन इतिहास मी जसजसा वाचत गेले तसतसं वाटू लागलं की तो शिखरांवर किंवा बंदरांवर घडलेलाच नाही. तो या अरुंद जागांवर घडला आहे, आणि त्यांच्यावरून ये-जा करणाऱ्या माणसांच्या अंगावर काय होतं, हातात काय होतं, यात तो उरला आहे.

इ.स.पू. ४९२ मध्ये इराणी सेनापती मार्डोनियस आरमार घेऊन आथोसला वळसा घालायला निघाला. उत्तरेकडून सुटलेल्या वादळाने ते आरमार कड्यांवर आपटलं. तीनशे जहाजं बुडाली आणि वीस हजारांहून अधिक माणसं गेली, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. तो मरणांची कारणंही वेगवेगळी सांगतो: काहींना समुद्रातल्या हिंस्र प्राण्यांनी ओढून नेलं, काही खडकांवर आपटून गेले, काहींना पोहता येत नव्हतं, काही नुसत्या गारठ्याने मेले. आकडे फुगवलेले असतील. पण पोहता न येणाऱ्यांचा उल्लेख मला खरा वाटतो. इराणच्या पठारावरून, समुद्र कधी न पाहिलेल्या गावांतून आणलेली पोरं असतील ती. हा डोंगर त्यांच्या कुणाच्या स्वप्नातही आला नसेल.

दहाएक वर्षांनी झर्क्सिस ग्रीसवर चालून जायला निघाला तेव्हा त्याने आथोसला वळसा घालायचंच नाही असं ठरवलं. डोंगर हलवता येत नाही, पण त्याचा मुख्य भूमीशी असलेला जोड कापता येतो. खोदकाम तीन वर्षं चाललं. बुबारिस आणि आर्टाखेइस हे दोन इराणी सरदार त्यावर देखरेख करत. सैन्यातल्या वेगवेगळ्या देशांच्या माणसांना पाळीपाळीने कामाला जुंपलं होतं, चाबकाखाली. आसपासच्या गावांतली माणसंही त्यात होती. तळाशी उभे असलेले लोक माती खणून वरच्या पायरीवरच्यांच्या हातात देत, ते आणखी वरच्यांच्या, आणि अशी ती माती काठापर्यंत चढत जाई.

इथे हेरोडोटस एक बारकावा सांगतो. खोदणाऱ्या बहुतेक तुकड्यांनी कालवा तळाशी जेवढा रुंद हवा तेवढाच वरही रुंद ठेवला. म्हणजे बाजू सरळ उभ्या. साहजिकच त्या ढासळत आणि केलेलं काम दुप्पट होऊन बसे. फिनिशियन लोकांनी मात्र आपल्या वाट्याच्या जागेत वरचं तोंड दुप्पट रुंद धरलं आणि खाली जाताना उतार देत देत ते आवळत नेलं. त्यांचा भाग टिकला. विहीर खणणाऱ्या कुणालाही हे पटेल. जवळच्या कुरणात त्या मजुरांसाठी बाजार भरे आणि दळलेलं पीठ थेट आशियातून येई. सम्राटाच्या मोहिमेपेक्षा मला हा बाजार जास्त स्पष्ट दिसतो: पिठाची पोती, अनोळखी बोलींतली घासाघीस, हातांवरचे फोड, संध्याकाळच्या चुली.

हेरोडोटसचं स्वतःचं मत असं की हा कालवा निव्वळ गर्वापायी खणला; एवढ्याशा जमिनीवरून जहाजं ओढून नेता आली असती. झर्क्सिसला आपली सत्ता दाखवायची होती आणि मागे काही ठेवायचं होतं. असेल तसंही. पण मार्डोनियसच्या वादळातून वाचलेलं कुणी त्या सैन्यात असेल, तर त्याने हा खंदक बघून काय म्हटलं असतं, हाही विचार मनात येतो. गर्व आणि भीती या दोन गोष्टी पुष्कळदा एकाच कुदळीने खणतात.

आर्टाखेइस कालवा पुरा झाल्यावर आजारी पडून अकँथस या गावी वारला. सगळ्या इराणी सैन्यात उंचीने तो सर्वांत मोठा आणि त्याचा आवाजही सर्वांत खणखणीत होता म्हणतात. झर्क्सिसने त्याच्यासाठी मोठा शोक केला; त्याच्या थडग्यावर सगळ्या सैन्याने माती वाहिली. पुढे एका देववाणीवरून अकँथसचे लोक त्याला वीर मानून बळी देऊ लागले आणि त्याच्या नावाने हाक घालू लागले. आपल्याच माणसांना चाबकाखाली राबवणाऱ्या परक्या अधिकाऱ्याची अशी पूजा का झाली असेल? मला वाटतं, ज्याने आपल्या जमिनीचा आकार बदलला त्याला गाव विसरत नाही, मग तो कुणीही असो. अकँथसवर झर्क्सिस खूश होता. त्या गावकऱ्यांना त्याने आपले स्नेही ठरवलं आणि मीडियन पद्धतीचा पोशाख दिला. लांब बाह्यांचे अंगरखे आणि विजारी घातलेले ग्रीक कोळी आणि शेतकरी कसे दिसले असतील? त्यांनी तो पोशाख सणावाराला घातला, की पेटीत घालून ठेवला?

त्या सैन्यात कापसाचे कपडे घातलेले लोकही होते. सिंधू नदीच्या खोऱ्याचा भाग तेव्हा इराणी साम्राज्यात होता आणि तिथली तुकडी झर्क्सिसबरोबर निघाली होती. त्यांचे कपडे झाडापासून मिळणाऱ्या लोकरीचे होते, धनुष्यं वेताची आणि वेताच्याच बाणांना लोखंडी टोकं, असं हेरोडोटसने नोंदवलं आहे. ग्रीकांना कापूस म्हणजे झाडाला लागलेली लोकर वाटावी हे स्वाभाविकच. थ्रेसकडून तीन रांगांनी आलेलं सैन्य अकँथसजवळ एकत्र आलं, आणि तिथून आरमार कालव्याकडे गेलं, सैन्य आतल्या भागातून पश्चिमेकडे. पुढच्या रानात रात्री सिंह उतरत आणि फक्त उंटांवर झडप घालत. माणसांना किंवा इतर जनावरांना शिवत नसत. ज्या प्राण्याला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं, नेमका तोच का, याचं हेरोडोटसला मोठं आश्चर्य वाटलं. अकँथसच्या नाण्यांवर बैलाच्या पाठीवर झेपावलेला सिंह आहे. ग्रीसमध्ये सिंह होते हे आज खरं वाटत नाही, तसंच सिंधूकाठचा कापूस या पाइनच्या रानातून चालत गेला हेही खरं वाटत नाही. दोन्ही खरं आहे.

कालवा खरोखर होता की नाही याबद्दल प्राचीन काळातच शंका निघाल्या होत्या. मधे सलग खडक आहे, तिथे जहाज जाणंच शक्य नाही, असं स्केप्सिसच्या डिमीट्रियसचं म्हणणं होतं. शेवटी १९९० नंतरच्या दशकात ब्रिटिश आणि ग्रीक भूशास्त्रज्ञांनी जमिनीत कंपनं सोडून आणि भोकं पाडून गाळाचे नमुने काढून हा पट्टा तपासला. कालवा या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सलग होता. वरती सुमारे तीस मीटर रुंद, आणि बाजू उतरत्या. म्हणजे फिनिशियनांनी दिला होता तसाच उतार. गाळात समुद्री जीवांच्या खुणा मात्र जवळजवळ नाहीत. तो फार काळ वापरात राहिलाच नाही. एकदा आरमार गेलं आणि मग वाऱ्याने, पावसाने, आजूबाजूच्या मातीने तो हळूहळू भरून काढला.

त्रिपितीच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत बसलेल्या एका आजोबांना मी कालव्याबद्दल विचारलं. त्यांनी हाताने खळगा दाखवला आणि लगेच आपल्या आजीबद्दल बोलायला लागले. ती समुद्रापलीकडच्या रोडा गावातून, मार्मारा समुद्राच्या काठावरून आली होती. १९२२ च्या युद्धानंतर तुर्कस्तानातून निघालेल्या लाखो ग्रीकांपैकी एक. म्हणून हे ‘नेआ’ रोडा, नवं रोडा. कासांड्राच्या अलीकडचं नेआ मुदानियाही तसंच. या किनाऱ्यावरची कित्येक गावं अशी मागे सोडलेल्या गावांची नावं घेऊन उभी आहेत. कालव्यापेक्षा आजी त्यांना जवळची होती, यात नवल काय?

पहिल्या पायाच्या जोडावर प्राचीन पोटिडिया होतं. कोरिंथच्या लोकांनी इ.स.पू. ६०० च्या सुमाराला वसवलेलं. गाव अगदी अरुंद जागेत, या पाण्यापासून त्या पाण्यापर्यंत पसरलेलं, आणि आडवी तटबंदी. कासांड्रात जायचं तर गावातूनच जावं लागे. इ.स.पू. ४७९ च्या आधीच्या हिवाळ्यात, झर्क्सिस माघारी गेल्यावर, त्याचा सेनापती आर्टाबाझस याने पोटिडियाला वेढा दिला. तीन महिने झाले. मग एके दिवशी समुद्र मागे सरला. तटाच्या बाजूचं पाणी ओसरलं आणि तळ उघडा पडला. इराणी सैनिकांना वाटलं, वाट मिळाली. या चिखलातून तटाला वळसा घालून पलीकडे शिरता येईल. ते निघाले. पाचांतले दोन हिस्से वाट चालून झाली असेल-नसेल, आणि समुद्र परत आला. गावकऱ्यांनी कधी पाहिली नव्हती एवढी मोठी लाट. पोहता न येणारे बुडाले, पोहणाऱ्यांना पोटिडियाच्या लोकांनी होड्यांतून येऊन मारलं. लिखित इतिहासात सापडणारं हे त्सुनामीचं बहुधा सर्वांत जुनं वर्णन.

आपल्याकडे कोकणात ओहोटीला खाडीचा तळ उघडा पडतो, बायका पाटी घेऊन तिसऱ्या वेचायला उतरतात आणि भरतीची वेळ कुणालाच विचारावी लागत नाही. ईजियनमध्ये भरती-ओहोटी जेमतेम जाणवते. समुद्र असा मागे जातो म्हणजे काहीतरी बिघडलं आहे, हे तिथल्या कुणाच्याही अनुभवात नव्हतं. पुढे दीडशे वर्षांनी सिकंदराचे सैनिक सिंधूच्या मुखाशी पोचले तेव्हा पहिल्यांदा भरती-ओहोटी पाहून ते घाबरले. जहाजं चिखलात रुतलेली बघून त्यांना कळेना काय झालं. एका किनाऱ्याचं रोजचं जगणं दुसऱ्या किनाऱ्याला प्रलय वाटतं. पोटिडियाच्या लोकांना मात्र कारण ठाऊक होतं. गावाबाहेर पोसायडनचं मंदिर होतं, त्याची मूर्ती इराण्यांनी विटाळली होती. बुडाले ते तेच. हेरोडोटसलाही हे पटतं. मला तो इथे आवडतो. लाटेचं मोजमाप करावं आणि तरीही देवाचा राग खरा मानावा, या दोन्ही गोष्टी त्याच्या मनात शेजारी शेजारी राहू शकत होत्या.

हाच तट पन्नासेक वर्षांनी पोटिडियाच्या मुळावर आला. इ.स.पू. ४३२ मध्ये अथेन्सने फर्मान काढलं: कासांड्राच्या बाजूचा तट पाडा, ओलीस द्या, कोरिंथचे अधिकारी परत पाठवा. पोटिडियाने नकार दिला. अथेन्सने दोन्ही बाजूंनी भिंती घालून गाव कोंडलं. हा वेढा दोन वर्षांहून अधिक चालला, अथेन्सने त्यावर दोन हजार टॅलंट चांदी ओतली, आणि आत शेवटी माणसं माणसांचं मांस खाण्यापर्यंत गेली, असं इतिहासकार थ्युसिडिडीस एका वाक्यात नोंदवून पुढे जातो.

बाहेरच्या छावणीत सॉक्रेटिस होता. अथेन्सचा साधा पायदळ सैनिक म्हणून. बर्फ पडलेलं असताना तो आपल्या नेहमीच्या झग्यात, अनवाणी हिंडे. लढाईत त्याने जखमी अल्सिबायडिसला वाचवलं. आणि एकदा, प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मध्ये अल्सिबायडिस सांगतो त्याप्रमाणे, सकाळी काहीतरी सुचलं म्हणून तो जागेवर उभा राहिला तो उभाच. दुपार झाली. लोक एकमेकांना दाखवू लागले. संध्याकाळी काही सैनिकांनी उन्हाळा होता म्हणून आपली अंथरुणं बाहेर आणली, हा रात्रभर उभा राहतो का ते बघायला. तो उभा राहिला. सूर्य उगवला, त्याने सूर्याची प्रार्थना केली आणि निघून गेला.

ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला ती फार थोर वाटली होती. आजही वाटते. पण आता तिच्यामागचा तटही दिसतो. ज्या तटासमोर हा माणूस एका विचारापुढे दिवस-रात्र उभा राहिला, त्या तटाच्या आत लोक कोंडलेले होते, आणि त्यांना कोंडणाऱ्यांमध्ये तोही होता. मी त्याला दोष द्यायला बसलेली नाही. सैनिकाला वेढा निवडता येत नाही. पण तो कशाचा विचार करत होता हे कुणी सांगितलेलं नाही म्हणून माझ्या मनात ती जागा कधी रिकामी राहत नाही. न्याय म्हणजे काय, शौर्य म्हणजे काय, हे प्रश्न त्याने पुढे आयुष्यभर अथेन्सच्या बाजारात लोकांना विचारले. त्यांतला एखादा तरी या चिंचोळ्या जमिनीवर, तटाकडे बघत, त्याच्या मनात पहिल्यांदा आला असेल असं मला मनापासून वाटतं.

इ.स.पू. ४३० च्या हिवाळ्यात पोटिडिया शरण गेलं. अटी थ्युसिडिडीसने दिल्या आहेत. सगळ्यांनी गाव सोडायचं: पुरुषांनी एक वस्त्र घेऊन, बायकांनी दोन, आणि वाटखर्चाला ठरावीक रक्कम. ही अट मी पुन्हा पुन्हा वाचते. दुसरं वस्त्र कोणतं निवडायचं? थंडीला लागेल ते, की लग्नातलं? लहान मूल असेल तर ते कोणत्या वस्त्रात गुंडाळायचं? अथेन्समधल्या लोकांना ही अटही फार सौम्य वाटली. सेनापतींनी आपल्याला न विचारता तह केला म्हणून ते नाराज झाले. शेजारच्या स्किओनीला एवढंही मिळालं नाही. नऊ वर्षांनी ते पडलं तेव्हा पुरुष मारले गेले आणि बायका-मुलं गुलाम झाली.

त्या काळात मोठे निर्णय कधी कधी अगदी शेताच्या मापाने होत. इ.स.पू. ४२४ मध्ये स्पार्टाचा ब्रासिडस अकँथसच्या वेशीवर आला तेव्हा द्राक्षं काढणीला आली होती. त्याने सभेपुढे भाषण केलं. बोलणं चांगलं होतं. त्याच्या बोलण्याचा मोह पडला, आणि उभ्या पिकाची काळजीही होती, म्हणून गावाने गुप्त मतदान करून अथेन्सची साथ सोडली. थ्युसिडिडीस या दोन्ही कारणांचा उल्लेख करतो आणि मला त्याचा हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. स्वातंत्र्य आणि द्राक्षं, दोन्ही.

खाल्किदिकीत मी सगळ्यांत जास्त रमले ती जागा मात्र समुद्रावर नाही. ऑलिंथस किनाऱ्यापासून थोडं आत, दोन सपाट टेकड्यांवर आहे. इ.स.पू. ४३२ मध्ये, मॅसिडोनियाच्या राजाच्या सल्ल्याने, किनाऱ्यावरच्या कित्येक गावांनी आपली घरं पाडून इथे वस्ती हलवली. तेव्हा आखलेलं नवं शहर सरळ रेषांचं होतं: रुंद रस्ते, प्रत्येक खंडात पाच-पाच घरांच्या दोन रांगा, मधून पाणी वाहून जायला अरुंद बोळ. प्रत्येक घर साधारण सतरा मीटर लांब-रुंद. १९२८ ते १९३८ दरम्यान अमेरिकन पुरातत्त्वज्ञ डेव्हिड रॉबिन्सन यांनी इथली शंभराहून अधिक घरं उकरून काढली. ग्रीक माणूस घरात कसा राहत होता याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंच इथून आलं आहे.

भिंतींचे आता गुडघ्याएवढे पायेच उरलेत, पण त्यांतून चालताना घर समजतं. अंगण, अंगणाच्या उत्तरेला ओसरी, ओसरीमागे खोल्या. म्हणजे हिवाळ्याचं तिरपं ऊन दक्षिणेकडून थेट आत. स्वयंपाकघराला लागून धुराड्याची जागा आणि तिच्या शेजारी न्हाणी, म्हणजे चुलीची ऊब न्हाणीला. न्हाणीत भाजक्या मातीचा टब, आत बसायला पायरी. पाय आखडून बसल्यावर वरून पाणी ओतून घ्यायचं. पाहुण्यांच्या खोलीत काळ्या-पांढऱ्या गारगोट्यांची जमीन. एका जमिनीवर पंखांच्या घोड्यावर बसलेला बेलेरोफोन राक्षसी कायमेराला भाला मारतो आहे. कडेला मंचकांसाठी ओटा, आणि दार मधोमध नाही, जरा बाजूला, म्हणजे मंचक नीट मावावेत. काही घरांच्या खरेदीचे दगडही सापडले: विकणारा, घेणारा, जामीन, साक्षीदार आणि किंमत. ओसरीत, खोल्यांत, मातीची शेकडो वजनं. उभ्या मागावर ताण्याचे धागे खाली ताणून धरायला ही वजनं बांधत. काही ठिकाणी ती पुंजक्याने पडली आहेत. माग लावलेला असतानाच तिथे काहीतरी झालं.

झालं ते इ.स.पू. ३४८ मध्ये. मॅसिडोनियाच्या फिलिपने ऑलिंथसला वेढलं. अथेन्समध्ये डेमॉस्थेनिस मदतीसाठी घसा फोडून सांगत होता, तीन भाषणं त्याने याच गावासाठी केली. मदत अपुरी आली, उशिरा आली. आतून फितुरी झाली. फिलिपने शहर पाडलं आणि लोकांना गुलाम म्हणून विकलं. घरांत गोफणीच्या शिशाच्या गोळ्या आणि बाणांची टोकं सापडली, त्यांतल्या काहींवर फिलिपचं नाव ओतलेलं आहे. एकीकडे घराच्या दगडावर मालकाचं नाव, दुसरीकडे त्याच्यावर फेकलेल्या गोळीवर राजाचं. मागावर ज्या वस्त्राचा ताणा लागला होता ते पुरं झालं नाही.

त्याच मोहिमेत फिलिपने पूर्व किनाऱ्यावरचं स्टॅगिराही पाडलं. अ‍ॅरिस्टॉटल तिथला. पुढे तो फिलिपच्याच मुलाचा, सिकंदराचा शिक्षक झाला आणि स्टॅगिरा पुन्हा वसवलं गेलं, त्याच्याच शब्दाखातर. चरित्रकार डायोजिनिस लेर्शियसने अ‍ॅरिस्टॉटलचं मृत्युपत्र जपून ठेवलं आहे. त्यात आपल्याबरोबर राहिलेल्या हर्पिलिसला तो दोन घरांची निवड देतो: खाल्किसला बागेजवळचं घर, किंवा स्टॅगिरात वडिलांचं घर, ती निवडेल ते नीट सामानसुमान घालून द्यावं. ज्याने जगातल्या सगळ्या गोष्टींचे वर्ग पाडले, त्याने शेवटी एका पाडलेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या गावातल्या वडिलांच्या घराची सोय लावून ठेवली.

फिलिप आणि सिकंदरानंतर दोन भावांनी या द्वीपकल्पाच्या दोन जोडांवर आपापली शहरं वसवली. मॅसिडोनियाची सत्ता हाती घेतलेल्या कासांडरने इ.स.पू. ३१६ मध्ये पोटिडियाच्या जागी कासांड्रिया उभारलं आणि तिथे ऑलिंथसचे उरलेले लोकही आणून बसवले. त्याचा भाऊ अलेक्सार्कस याने आथोसच्या बाजूला ‘स्वर्गनगर’ वसवलं, ऊरानोपोलिस. तिथले नागरिक ‘स्वर्गाची लेकरं’. नाण्यांवर सूर्य, तारे. त्याने स्वतःचे शब्दही घडवले होते आणि त्याच भाषेत भावाच्या शहराला पत्र पाठवलं होतं. माणूस विक्षिप्त होता असं प्राचीन लेखक म्हणतात. पण ज्या द्वीपकल्पावर इतकी गावं पाडली आणि हलवली गेली, तिथे कुणालातरी सगळ्यांना एकाच आकाशाची लेकरं ठरवावंसं वाटलं, हे मला वेडगळ वाटत नाही.

आजचं ऊरानूपोली हे आथोसच्या वेशीवरचं शेवटचं गाव. पुढे मठांचं राज्य, वीस मठ, आणि बायकांना प्रवेश नाही. मी बोटीने गेले. बायका असलेल्या बोटी किनाऱ्यापासून पाचशे मीटर लांब ठेवतात. तेवढ्या अंतरावरून मठांच्या सज्ज्यांवर वाळत घातलेले कपडे ओळखू येतात, माणसं ठिपक्यांएवढी. गावाच्या धक्क्यावर बायझंटाइन काळातला एक मनोरा आहे. १९२२ नंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत जॉइस लॉक ही ऑस्ट्रेलियन बाई आणि तिचा नवरा सिडनी मदतीला आले आणि त्या मनोऱ्यातच राहिले. आलेल्या बायकांना अनातोलियात शिकलेलं गालिचा विणणं येत होतं. जॉइसने त्यांना उद्योग मिळावा म्हणून नक्षी काढून दिली, बरीचशी आथोसच्या मठांमधल्या जुन्या कलेवरून घेतलेली. त्या मठांत विणणाऱ्यांपैकी कुणीही कधी पाऊल टाकू शकणार नव्हती.

त्या गालिच्यांत मठातल्या आकृती आहेत आणि गाठ अनातोलियातल्या आयांची आहे. समुद्रापलीकडून येताना त्या बायकांनी काय काय आणलं होतं, किती वस्त्रं, कोणती, याच्या याद्या असतील किंवा नसतील. गाठ मारायची हातोटी मात्र कुठल्याही अटीत मोजली जात नाही. ती सगळ्या नाक्यांवरून, सगळ्या तटांमधून तशीच पार होते. ऑलिंथसहून विकल्या गेलेल्या बायकांनीही आपल्या विणण्याच्या रीती कुठल्या कुठल्या परक्या घरांत नेल्या असतील. तिथल्या मुलींनी त्या उचलल्या असतील, कुणाकडून आल्या हे न कळता. आणि त्या मुली, त्यांच्या मुली, कुठे कुठे गेल्या असतील याचा हिशेब मी अजून लावत असते.